निगेटिव्हवरची पेन्सिल : पश्चिम भारतातील स्टुडिओ-छायाचित्र आणि त्याचे गिऱ्हाईक

स्टुडिओत काढलेल्या व्यक्तिचित्रावर, म्हणजे एखाद्याने पैसे देऊन स्वतःचा किंवा घरच्यांचा काढून घेतलेल्या फोटोवर, छपाईपूर्वी हाताने काम करण्याची पद्धत पश्चिम भारतात जवळजवळ छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. ‘रिटचिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कामाकडे आज बहुधा लबाडी किंवा खुशामत म्हणून पाहिले जाते. परंतु त्याचा इतिहास तपासला असता त्यात दोन निरनिराळ्या गरजा एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. एक गरज यंत्राच्या उणिवेतून निर्माण झाली होती आणि दुसरी समाजाच्या आवडीनिवडीतून. पहिली गरज रसायनशास्त्राने कालांतराने पुष्कळशी दूर केली, तरी तिच्या निमित्ताने हातात घेतलेली पेन्सिल दुसरीसाठी चालूच राहिली, आणि फोटो काढून घेणाऱ्याला या दोहोंतील फरक क्वचितच कळला, कारण निगेटिव्ह त्याच्या दृष्टीस पडतच नसे.

मुंबईत छायाचित्रणाची संघटित सुरुवात १८५४ मध्ये स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बेपासून मानली जाते. भारतातील अशा प्रकारची ही पहिली संस्था होती. तिच्या सभासदांत युरोपीय अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी विद्वान मंडळी होती, आणि नारायण दाजी तर स्वतः कुशल छायाचित्रकार म्हणून ओळखले जात. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. या वर्गातून शिकून बाहेर पडलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि तो अनेक वर्षे चालवला. म्हणजे मुंबईच्या एतद्देशीय गिऱ्हाइकाला एतद्देशीय छायाचित्रकार मिळण्यास फार काळ थांबावे लागले नाही. आणि पागोटे कसे दिसावे, उपरणे कोणत्या खांद्यावर असावे, बसलेल्या माणसाचे पाय दिसावेत की धोतराच्या निऱ्यांखाली झाकावेत, यांसारखे प्रश्न दोघांना सारखेच समजत असत, ही गोष्ट व्यक्तिचित्राच्या घडणीत लहान नव्हे.

त्या काळातील तंत्र ‘ओल्या कोलोडियन’चे होते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत काचेवर कोलोडियनचा चिकट थर पसरून ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवीत, थर ओला असतानाच फोटो घेत आणि लगेच अंधारखोलीत नेऊन ती उमटवीत. तयार झालेल्या काचेवर उजेडाच्या जागी काळे आणि सावलीच्या जागी पारदर्शक असे उलटे चित्र, म्हणजे निगेटिव्ह, मिळे. त्यावरून अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या ‘अल्ब्युमेन’ कागदावर उन्हात ठेवून हव्या तितक्या प्रती काढता येत. हा कागद १८५० मध्ये फ्रान्समध्ये ब्लाँकार-एव्हरार याने प्रचारात आणला होता. एका काचेवर अनेक लहान प्रतिमा घेऊन त्या पुठ्ठ्यावर चिकटवण्याच्या ‘कार्त द व्हिझित’ या प्रकारासाठी पॅरिसच्या दिझदेरी याने १८५४ मध्ये पेटंट घेतले, आणि साधारण अडीच इंच रुंद व चार इंच उंच अशा या कार्डामुळे फोटो ही श्रीमंतांपुरती वस्तू न राहता मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली. १८६० च्या दशकात आलेले मोठ्या आकाराचे ‘कॅबिनेट’ कार्ड मात्र छायाचित्रकाराच्या दृष्टीने नवी अडचण घेऊन आले : चेहरा मोठा दिसू लागला, त्यामुळे त्यावरची प्रत्येक सुरकुती आणि प्रत्येक डाग दिसू लागला, आणि व्यक्तिचित्राच्या धंद्यात रिटचिंग खऱ्या अर्थाने रुजले ते या मोठ्या कार्डांच्या काळात.

कोलोडियनच्या काचेची एक उणीव भारतीय गिऱ्हाइकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होती. ही काच केवळ निळ्या, जांभळ्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांना प्रतिसाद देई. पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग तिच्या लेखी अंधारच होते. याचा परिणाम असा होई की निळी पैठणी फोटोत फिकट पांढरी दिसे, तर लाल पुणेरी पगडी काळी पडे. कपाळावरचे कुंकू काळ्या ठिपक्यासारखे उमटे. हळदीने पिवळी झालेली त्वचा मुळापेक्षा कितीतरी गडद येई. मानवी त्वचेत, विशेषतः सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत, निळा प्रकाश शोषला जातो व तांबूस-पिवळा प्रकाश परावर्तित होतो. त्यामुळे उजळ सावळा माणूसही फोटोत काळाकुट्ट दिसे, आणि त्याच्या अंगावरचे पांढरे शुभ्र धोतर मात्र कोणतीही घडी न दाखवता कोऱ्या कागदासारखे उमटे. चेहऱ्यासाठी पुरेसा वेळ काच उघडी ठेवावी तर कपडे जळून जात; कपडे सांभाळावेत तर चेहरा सावलीत बुडे. युरोपीय चेहऱ्यावरही ही काच अन्याय करीत असे, कारण तांबूस व्रण आणि तीळ ती ठळक करून दाखवी. परंतु मुंबईतल्या छायाचित्रकाराला तीच अडचण दुपटीने सोसावी लागत असे. म्हणून निगेटिव्हवर हात फिरवून चेहरा थोडा उजळ करणे, हे त्या काळी बऱ्याच अंशी खोटे बोलणे नव्हते. काचेने जे चुकीचे सांगितले होते ते दुरुस्त करणे होते.

हा हात कसा फिरवला जाई, हे समजून घेतल्याशिवाय या धंद्याचा विचार अपुरा राहतो. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असल्यामुळे चेहऱ्यावरची सुरकुती, डोळ्यांखालचे वर्तुळ किंवा देवीचा व्रण या जागा काचेवर आजूबाजूपेक्षा अधिक पारदर्शक असत. तेवढ्याच जागी पेन्सिलीचे शिसे भरले की तिथून कमी उजेड कागदापर्यंत पोहोचे आणि प्रतीवर ती जागा उजळ येई. गुळगुळीत काचेवर किंवा नंतरच्या काचांवरील जिलेटिनच्या थरावर पेन्सिल उमटत नसल्याने आधी टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या डॅमर राळेचा पातळ हात फिरवून पृष्ठभागाला किंचित खरखरीतपणा आणीत. काच एका तिरप्या चौकटीत बसवून तिच्याखाली आरसा ठेवीत. खिडकीचा उजेड आरशावरून परतून काचेतून वर येई आणि रिटचर, म्हणजे हेच काम करणारा कारागीर, डोक्यावर काळे कापड घेऊन, कधी भिंग लावून, लांबट टोक काढलेल्या कठीण पेन्सिलीने स्वल्पविरामासारखी बारीक फिरती टिंबे देत असे. सरळ रेघ ओढणे हा नवशिक्याचा दोष मानला जाई, कारण ती मोठ्या प्रतीत लगेच दिसून येते. उलट जिथे प्रतीवर अधिक गडदपणा हवा, उदाहरणार्थ मिशीला धार आणायची किंवा कपाळावर सुटलेले केस दाखवायचे, तिथे धारदार चाकूने निगेटिव्हचा थर खरवडीत. मोठ्या भागात घनता वाढवायची असेल तर लाल रंगद्रव्याचे पातळ हात देत, आणि कमी करायची असेल तर १८८३ मध्ये हॉवर्ड फार्मर याने सुचवलेले पोटॅशियम फेरिसायनाइड व हायपो यांचे द्रावण वापरीत. हायपो म्हणजे न उमटलेले क्षार धुऊन काढणारे, अंधारखोलीतले रोजचे रसायन होय. निगेटिव्ह रिटच करण्याचा पहिला जाहीर नमुना म्युनिकच्या फ्रांझ हानफ्श्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडला, असे छायाचित्रणाच्या इतिहासग्रंथांत परंपरेने सांगितले जाते. त्याने एकाच चित्राची रिटच केलेली आणि न केलेली प्रत शेजारी शेजारी ठेवल्याचे हे वर्णन खरे धरले, तर गिऱ्हाइकाला दोन्ही दाखवण्याची ती प्रथा पुढे धंद्याने सोयीस्करपणे विसरली असे म्हणावे लागते.

चेहऱ्याच्या दुरुस्तीपलीकडे जाऊन संपूर्ण चित्रच जुळवण्याचा प्रकारही मुंबईत फार लवकर दिसतो. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराच्या, मुंबईतील निरनिराळ्या जाती-जमाती व प्रवासी दाखवणाऱ्या ग्रंथाचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यात गुजरात, कच्छ व काठेवाड आणि दुसऱ्यात महाराष्ट्र यांतील समूहांची चित्रे होती. त्यांतील बहुतेक माणसांचे फोटो एका जागी, बऱ्याचदा स्टुडिओत, घेऊन त्यांच्यामागे देवळाचे, रस्त्याचे किंवा मैदानाचे वेगळे घेतलेले दृश्य छपाईत जोडलेले आहे. ज्ञानाच्या साधनाचा दावा करणारा हा ग्रंथ अशा जोडकामावर उभा होता, ही बाब जाती-जमातींच्या त्या नोंदीकडे पाहताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. घराघरांत मात्र हीच जोडकामाची कला अधिक करुण कारणासाठी वापरली गेली. एखादा माणूस वारला आणि त्याचा स्वतंत्र फोटो नसला, तर लग्नाच्या किंवा शाळेच्या ग्रुप फोटोतून त्याचे डोके मोठे करून घेत. त्याला कोट, उपरणे किंवा पगडी रंगवून देत. कधी त्याच्या शेजारी वेगळ्याच वेळी घेतलेला पत्नीचा फोटो जोडून दांपत्य तयार करीत. मृत्यूनंतर घेतलेल्या फोटोत मिटलेले डोळे रंगाने उघडे करण्याचीही पद्धत होती. भिंतीवर हार घालून लावलेल्या अशा कित्येक तसबिरींत खांद्यांचे प्रमाण डोक्याशी जुळत नाही, याचे कारण तेच. घरच्यांना ते जाणवत नसे असे नाही, पण त्यांनी मागितले होते ते साम्य चेहऱ्याचे होते, खांद्यांचे नव्हे.

रंगकामाचे तसेच होते. छायाचित्र काळे-पांढरे किंवा तपकिरी असल्यामुळे त्यावर जलरंगाने किंवा तैलरंगाने काम करणाऱ्या चित्रकारांना स्टुडिओत कायमची नोकरी असे, आणि १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रेखन शिकलेल्या तरुणांना हा धंदा उपजीविकेचे एक साधन होता. भारतात काही ठिकाणी रंग इतका दाट देत की खालचा फोटो पूर्ण झाकला जाऊन लघुचित्रासारखे काहीतरी हाती येई. पुढे ब्रोमाइड कागदावर मोठ्या प्रती काढणे सोपे झाल्यावर प्रत आधी रसायनाने तपकिरी, म्हणजे सेपिया, करून घेत आणि तिच्यावर पारदर्शक तैलरंग कापसाच्या बोळ्याने पुसत पुसत चढवीत. नथ, बांगड्या आणि साडीचे काठ तेवढे बारीक कुंचल्याने काढीत. काचेने काळे केलेले कुंकू अशा रीतीने पुन्हा लाल होत असे. सेपिया करण्याचा आणखी एक फायदा होता, ज्याची गिऱ्हाइकाला बहुधा कल्पना नसे : त्या क्रियेत चांदीचे गंधकाशी संयुग होते आणि ते हवेतील दोषांना अधिक काळ तोंड देते. साधी प्रत फिकट पडणे ही त्या काळातली नित्याची तक्रार होती. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीला १८५५ मध्येच या प्रश्नासाठी समिती नेमावी लागली होती. हायपो नीट धुऊन निघाला नाही की प्रत पिवळी पडते, आणि घाईत, थोड्या पाण्यात धुतलेली प्रत कितीही सुंदर असली तरी फार टिकत नाही. मुंबईच्या हवेने त्यात भर घातली. पावसाळ्यात जिलेटिनच्या थरावर बुरशी येई, आणि उन्हाळ्यात द्रावण तापून थर काचेपासून सुटू नये म्हणून बर्फ आणि तुरटी हाताशी ठेवावी लागे.

प्रतिष्ठित स्टुडिओंच्या बाबतीत गिऱ्हाइकाला आणखी एक चिंता असे, ती म्हणजे आपली काच कोणाकोणाच्या हातांतून जाते. एका फोटोमागे छायाचित्रकार, अंधारखोलीतला माणूस, रिटचर, छपाई करणारा आणि पुठ्ठ्यावर चिकटवणारा असे पाच-सहा जण असत. पडद्यातील स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट घराण्याच्या अब्रूशी जोडली जाई. छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी हैदराबाद संस्थानात १८९२ मध्ये स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढून तो एका इंग्रज महिलेच्या देखरेखीखाली ठेवला, त्यामागे ही जाणीव स्पष्ट दिसते. दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईतही स्टुडिओ उघडला. याच दशकात मुंबईचे शापूर भेदवार यांनी लंडनमध्ये शिक्षण घेऊन योजनापूर्वक रचलेल्या कथाचित्रांसाठी नाव मिळवले. फोटो ही जाणीवपूर्वक घडवलेली कलाकृती असते, हे त्यांच्या कामात उघडपणे मान्य केलेले होते. रोजच्या स्टुडिओत तीच गोष्ट न बोलता चाले.

कोलोडियननंतरच्या रासायनिक सुधारणा हा या इतिहासातला कळीचा टप्पा आहे. हर्मान फोगेल याने १८७३ मध्ये दाखवून दिले की विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली असता काच हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही प्रतिसाद देते. अशा काचांना ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ म्हणतात. लाल रंग तरीही अंधारातच राहिला. सर्व दृश्य रंग ओळखणारी ‘पॅनक्रोमॅटिक’ काच इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीने १९०६ मध्ये बाजारात आणली, म्हणजे गव्हाळ चेहरा आणि पांढरे धोतर यांचे खरे नाते पकडणारे साधन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उपलब्ध झाले होते. असे असूनही लहान स्टुडिओंत ऑर्थोक्रोमॅटिक माल पुढे कित्येक वर्षे टिकला, याचे एक साधे कारण असे की तो लाल दिव्यात धुता येतो आणि पॅनक्रोमॅटिक पूर्ण अंधारात हाताळावा लागतो. स्टुडिओ हळूहळू पॅनक्रोमॅटिक फिल्मकडे वळले, तेव्हा चेहरा उजळ करण्यामागचे तांत्रिक कारण उरले नव्हते. पेन्सिल मात्र खाली ठेवली गेली नाही. गिऱ्हाइकाच्या तीन पिढ्यांना फोटोतला चेहरा आरशातल्या चेहऱ्यापेक्षा उजळ पाहण्याची सवय लागली होती, आणि लग्न जमवताना मुलीचा फोटो वरपक्षाकडे पाठवण्याची रीत रूढ झाल्यावर या सवयीला बाजारभाव आला. गोऱ्या रंगाचा हव्यास छायाचित्रणाने निर्माण केला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु एका सदोष काचेची दुरुस्ती म्हणून सुरू झालेले काम त्या हव्यासाच्या कामी आले आणि तांत्रिक शब्दांच्या आड राहिल्यामुळे त्यावर कोणी आक्षेपही घेतला नाही.

स्वातंत्र्यानंतर आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी कागद व फिल्म मिळणे कठीण झाले. तमिळनाडूत उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीच्या ‘इंदू’ या नावाच्या मालाने ही उणीव अंशतः भरून काढली. पासपोर्ट साइजचे फोटो आणि चकचकीत पत्र्यावर दाबून वाळवलेल्या ग्लेझ प्रती यांचा हा काळ होता, आणि ओळखपत्राच्या फोटोतही पेन्सिल फिरत असे. रंगीत फिल्म आल्यावर जुना प्रश्न नव्या रूपात परतला. कोडॅकने प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी पाठवलेल्या नमुना-कार्डांवर, ज्यांना धंद्यात ‘शर्ली’ कार्ड म्हणत, दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. तिची त्वचा बरोबर आली की यंत्र बरोबर आहे असे मानले जाई. भारतीय कलर लॅबमधील ऑपरेटरला त्यामुळे प्रत्येक रिळावर नजरेने दुरुस्ती करावी लागे, आणि ती नजर ज्याची त्याची असल्याने एकाच लग्नाच्या दोन प्रती दोन लॅबमधून दोन रंगांच्या निघत.

१९९० मध्ये अॅडोबी कंपनीचे फोटोशॉप बाजारात आले आणि रिटचरचे मेज संगणकाच्या पडद्यावर गेले. त्यातील उजळ-गडद करण्याच्या साधनांना अंधारखोलीतील ‘डॉज’ आणि ‘बर्न’ हीच नावे आहेत : प्रत काढताना एखाद्या भागावर हात धरून उजेड अडवणे किंवा तिथे जास्त वेळ उजेड पडू देणे, असा त्यांचा मूळ अर्थ. छपाईचे नियमही बरेचसे जुन्यांची सुधारलेली रूपे आहेत. आठ बाय दहा इंचांची चांगली प्रत हवी असेल तर इंचाला तीनशे बिंदूंच्या हिशेबाने २४०० बाय ३००० बिंदूंची फाइल लागते, आणि व्हॉट्सॅपवरून आलेला फोटो यात बहुधा कमी पडतो. अनेक कॅमेऱ्यांची चौकट दोनास तीन या प्रमाणात असल्याने त्यांचे चित्र चार बाय सहा इंचांत पूर्ण बसते, पण आठ बाय दहामध्ये लांबीकडून कापले जाते. ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्या आत्याबाई तेवढ्यानेच नाहीशा होतात. पडदा स्वतः उजेड देतो आणि कागद फक्त परावर्तित करतो, म्हणून पडद्यावर योग्य वाटलेला चेहरा कागदावर गडद येतो. लॅबवाल्याने चूक केली असे गिऱ्हाईक म्हणते तेव्हा पुष्कळदा दोष पडद्याच्या वाढवलेल्या उजेडाचा असतो. आता तर पुष्कळसे मोबाइल कोणी न सांगताच त्वचा गुळगुळीत करतात, म्हणजे रिटचिंग फोटो घेण्याच्या क्षणातच उरकले जाते आणि मूळ म्हणून दाखवायला मागे काही उरत नाही.

मूळ कोणाचे, हा प्रश्न कायद्याने मात्र बराच आधी सोडवला होता. १९११ चा इंग्लंडचा कॉपीराइट कायदा भारताला १९१४ मध्ये लागू करण्यात आला, आणि त्यात मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा मानला होता. भारताच्या १९५७ च्या कायद्यातील कलम १७ मध्ये हेच तत्त्व कायम आहे. ब्रिटनने १९८८ च्या कायद्याने ते बदलून हक्क छायाचित्रकाराकडे दिला. त्यामुळे लंडनमध्ये लग्नाचा फोटो काढून घेणारे मराठी कुटुंब आणि ठाण्यात काढून घेणारे कुटुंब यांची कायदेशीर स्थिती एक नाही. परंतु हक्क आणि वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतातही काच, फिल्म किंवा आजची मूळ फाइल स्टुडिओच्याच कपाटात राहिली, कारण पुन्हा प्रती मागायला गिऱ्हाईक परत यावे हे या धंद्याचे जुने गणित होते. कार्डाच्या मागे निगेटिव्हचा क्रमांक लिहिलेला असे तो त्यासाठीच. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील १९२८ चा हॅमिल्टन स्टुडिओ यासारख्या मोजक्या ठिकाणी असा साठा जपला गेला. इतरत्र धंदा बंद होताना काचा धुऊन तसबिरींच्या चौकटींत बसवल्या गेल्या आणि फिल्म चांदी काढण्यासाठी भंगारात गेली. आजही फोटोग्राफरशी ठरवताना मूळ, न सुधारलेली फाइल द्यायची की नाही आणि ती किती वर्षे ठेवायची, हे लेखी नसेल तर ठरते ते फोटोग्राफरच्या हार्ड डिस्कमधील जागेवरून.